आप्पांच्या वाटणीचा गहू

१२ जानेवारी

कुमारला मोंढ्यातल्या आडत दुकानातून दर नव्या वर्षाला एक डायरी मिळते. आजवर त्या डायऱ्या शिवांजलीने हत्ती-घोडे काढून संपवल्या. यंदाची मी बळकावली. कारण असं की मला कुणाशी तरी बोलल्याशिवाय, खरं म्हणजे भांडल्याशिवाय, चैन पडत नाही. आणि पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाशी बाई किती भांडणार?

कुमार म्हणजे माझा नवरा. तोंडावर 'अहो', डायरीत कुमार. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाशीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करतो. तुरीची पोती उतरवताना टेम्पोवरून पडला आणि नडगीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा सरेपर्यंत ओझं उचलायचं नाव काढू नका. घरात आम्ही पाच माणसं: कुमार, मी, सासूबाई, दुसरीतली शिवांजली आणि तीन वर्षांची महेश्वरी. कमावणारा खाटेवर. मी दिवसाआड हरभरा काढायला जाते, तेवढंच.

रेशनच्या कार्डावर नावं मात्र दोनच, कुमार आणि सासूबाई. लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझं आणि पोरींचं नाव चढवायचं राहूनच गेलं. हातात कमाई होती तोवर त्याचं काही वाटलं नाही. आता दोघांच्या धान्यात पाच जण कसे भागवायचे? उद्या तहसीलला जाते.

१५ जानेवारी

तहसीलमधल्या पुरवठा विभागातल्या बाई चांगल्या आहेत. त्यांनी माझा आधार नंबर टाकला आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव तर चालू आहे. तुळजापूर तालुक्यात, जळकोटला. वडिलांच्या कार्डावर."

मी म्हटलं, "लग्न झालंय माझं."

"झालं असेल. कार्डाला कुठं ठाऊक? एका माणसाचं नाव दोन ठिकाणी चालत नाही. आधी तिकडून कमी करून दाखला आणा, मग तुमचं आणि लेकरांचं एकदमच इथं चढवू."

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं. आठ वर्षं माझ्या नावाचा गहू-तांदूळ जळकोटला उचलला जातोय. खातंय कोण? आप्पा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून एकटा माणूस, त्यांना लागतं किती? धाकटा भाऊ शंभू हायवेच्या ढाब्यावर कामाला, तो तिथंच जेवतो. उरली वर्षाराणी, माझी भावजय. लग्नात कशी काडीसारखी होती! आता गाल बघा. मी कुमारला हे सांगितलं तर तो म्हणतो, "तुझे बी गाल वाढलेत." प्लास्टर नसतं तर दाखवलं असतं.

१९ जानेवारी

आज आप्पा आले. दर महिन्याला येतात. जळकोटहून तुळजापूर, तिथून धाराशिव, तिथून वाशी, अशा तीन गाड्या बदलून. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट आहे म्हणून हिंडत असतील, असं मी गमतीनं म्हणते. खांद्यावर घोंगडी आणि हातात पिशवी. पिशवीत या खेपेलाही गहू आणि थोडा तांदूळ. मागच्या उन्हाळ्यात कुरडया करून आणल्या होत्या. विचारलं तर एकच उत्तर, "घरचंच हाय, अव्वा." आमचा कर्नाटकाच्या सीमेकडचा मुलूख, आप्पा लाडात आले की मला कानडीतून अव्वा, म्हणजे आई, म्हणतात.

आणि नेहमीप्रमाणे जेवायला नकार. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. आता तर नाती झाल्या, जुनी माणसंसुद्धा नातवंडं झाल्यावर सोडून देतात हा नेम. आप्पा सोडत नाहीत. ओट्यावर बसले, फडक्यातली घरून आणलेली भाकरी सोडली, कांदा फोडला आणि खाल्ली. माझं फक्त पाणी घेतलं. शेजारच्या बायका बघतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सासूबाईंनी वाटीत कालवण नेऊन ठेवलं तर म्हणाले, "विहीणबाई, माझं पोट भरलं."

मी नावाचा विषय काढला. तर त्यांनी खिशातून आपलं कार्ड काढलं आणि म्हणाले, "मीच सांगणार हुतो. कंट्रोलच्या दुकानात मशीनवर सगळ्यांचे अंगठे घ्यायलेत. हितल्या दुकानात बी चालतंय म्हनं. तू अंगठा दे, न्हायतर तुझं नाव जाईल."

"जाऊ द्या की, आप्पा! मला तेच पाहिजे. इथल्या कार्डावर यायचंय मला."

आप्पांनी कार्ड परत खिशात घातलं. मग म्हणाले, "बघू." उठले, फडकं झटकलं आणि गाडीची वेळ नसताना स्टँडवर जाऊन बसले. घोंगडी विसरले.

४ फेब्रुवारी

फोन केला. आप्पांचा गुडघा दुखतोय, म्हणून तुळजापूरला जाता येत नाही.

९ फेब्रुवारी

फोन केला. गुडघा बरा आहे. मेंढीला हागवण लागलीय.

१३ फेब्रुवारी

फोन केला. मेंढी बरी आहे. पण "सायेब रजेवर हाय म्हनं." कुणी सांगितलं? "असंच, गाडीत बोलत हुते." माझे वडील आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, म्हणून त्यांना ते जमतही नाही. मागून वर्षाराणी काहीतरी बोलत होती. हिचीच फूस असणार, दुसरं कोण?

१६ फेब्रुवारी

माझी सासू अचानक देवाची झाली आहे. आधी फक्त सोमवार धरायची. मग गुरुवार धरला, आता शनिवारसुद्धा. उपास म्हणजे साबुदाणा-भगर असलाही नाही, नुसता काळा चहा. मी म्हटलं, "आत्या, या वयात एवढं पुण्य कुठं ठेवणार?" तर हसून म्हणते, "तुझ्या नवऱ्याच्या हाडाला लावायला." कुमारला मात्र हसू आलं नाही. तो आईकडं बघत राहिला आणि त्याने ताटातली अर्धी भाकरी परत टोपल्यात टाकली. भूक नाही म्हणे. पडून पडून माणसाची भूक मरते, खरं आहे.

मला मात्र भूक लागते. हरभऱ्याच्या रानात वाकून वाकून पोटात खड्डा पडतो. देवा, मला एवढी भक्ती नको देऊस.

१९ फेब्रुवारी

आज फार वाईट बोलले.

आप्पा आले, पिशवी ठेवली, महेश्वरीला खांद्यावर घेऊन गल्लीत फिरवून आणलं. मग ओट्यावर भाकरी सोडली. मी समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आप्पा, माझ्या नावाचं धान्य आठ वर्षं कुणाच्या पोटात जातंय? तुमच्या सुनंच्या? इथं माझ्या पोरी मोजून खातात आणि तुम्हाला माझ्या नावावरचे पाच किलो सुटत नाहीत?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आप्पांनी तोंडातला घास चावून संपवला. वर बघितलं नाही. उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली, पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. त्यांच्या पिशवीतला गहू मी डब्यात ओतला आणि झाकण आपटून बसवलं.

कुमारने रात्री पांघरूण ओढून घेतलं. एवढंच म्हणाला, "म्हातारा माणूस तीन गाड्या बदलून येतो."

म्हटलं, मीच जाते जळकोटला. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावते.

२७ फेब्रुवारी, जळकोट

हे माहेरच्या अंगणात बसून लिहिते आहे. लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

पोचले तेव्हा आप्पा मेंढ्या घेऊन रानात होते. वर्षाराणी एकटी तुरी निवडत होती. तिने पाण्याचा तांब्या दिला, तो मी तसाच खाली ठेवला आणि सुरू झाले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सूप बाजूला सरकवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या नावाचा येक दाना आमी कदी चुलीवर चढवला न्हाय. मामंजी दुकानातच तुमचं येगळं बांधून घेत्यात. घरात आनून खुंटीला लावत्यात, त्या पिशवीला हात लावायची मला बी सोय न्हाय."

मला काही समजेना. "मग नेतात कुठं?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, की मी वेडी झाले की काय. "आवं, वाशीला! दर म्हैन्याला तुमच्या घरी काय घिऊन येत्यात ते? आपल्या रानात गहू कुठला? तांदूळ कुठला पिकला वो आपल्यात?"

मी खाली बसले. आमच्या रानात पाण्याचा टिपूस नाही. तूर आणि ज्वारी सोडून मी जन्मात दुसरं पीक तिथं बघितलं नाही. त्या रानातला गहू मी आठ वर्षं 'घरचा' म्हणून खाल्ला, वर म्हटलं, अर्धं तिकीट आहे म्हणून हिंडतात. खाल्ल्या घरचे वासे मोजले मी, आणि तेही चुकीचे.

"मग सांगितलं का नाही त्यांनी?"

"सांगितलं तर तुम्ही घेतला असता व्हय? कंट्रोलचा गहू बापानं लेकीला आनावा, ह्याची त्यांला लाज. म्हनायचे, घरचं हाय म्हटलं की लेकीची मान सासरी ताठ ऱ्हाती."

मी रडले. वर्षाराणीने रडू दिलं, मग म्हणाली, "आता त्यो तांब्या उचला, मघाधरनं पानी तसंच हाय." मी पाणी प्याले. या पोरीचे गाल वाढलेत ते चांगलंच झालं. अजून वाढू देत.

विचारलं, "मग आता तर मला गरज आहे हे त्यांना ठाऊक आहे. नाव कमी का करत नाहीत?" ती म्हणाली, "ते त्यांलाच इचारा. मला बी कोडं हाय."

संध्याकाळी आप्पा आले. मी पायाशी बसून चुकले म्हटलं. त्यांनी फक्त, "चपला बाहेर ऱ्हाल्यात तुज्या, आत घे," असं म्हटलं. उद्या तुळजापूरला यायला तयार आहेत. जेवताना मात्र त्यांनी दोनच घास खाल्ले.

२८ फेब्रुवारी

तुळजापूर तहसील. खिडकीशी एक तरुण कारकून. अर्ज लिहून झाला, माझी लग्नपत्रिका जोडली, आधार जोडलं. आप्पांची सही तेवढी राहिली. आप्पा चौथी शिकलेत, सही येते त्यांना. पेन हातात धरून उभे राहिले. मागं रांग. पेन कागदाला टेकेना.

कारकून म्हणाला, "काका, करा सही."

आप्पा त्याच्याशी बोलायला लागले, माझ्याशी नाही. "मागं हितंच आलतो मी, सायेब. ह्याच खिडकीला. हिच्या आईचं नाव कमी कराय. मयताचा दाखला जोडला आन सही केली. घरी जाऊन बघतोय तर कार्डावर तिच्या नावावर काट. म्हंजी मानूस गेल्यावरच नाव कमी करत्यात ना? ही तर जित्ती हाय. माझ्या हातानं हिच्या नावावर काट कशी मारू?"

मी भिंतीकडं तोंड केलं. एवढ्यासाठी गुडघा, एवढ्यासाठी मेंढीची हागवण. आणि मी त्यांना पाच किलोचा हिशेब विचारला होता. मला त्या वेळी आप्पांना लहान लेकरासारखं पोटाशी धरावंसं वाटलं.

तो कारकून माझ्या भावाच्या वयाचा असेल. खुर्चीवरून उठून त्याने कागद खिडकीबाहेर धरला आणि बोट ठेवून दाखवलं. "काका, आईच्या अर्जावर कारण मृत्यू होतं. हे बघा, इथं कारण लिहिलंय विवाह. नाव मरत नाही, सासरी जातंय. पोरगी गेली तसंच. तुम्हीच लावून दिली ना तिला?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"मग नावालाही लावून द्या."

आप्पांनी सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि कारकुनाला विचारलं, "वाशीला नीट पोचंल न्हवं?" तो म्हणाला, "पोचलं नाही तर मला येऊन धरा." रांगेतल्या बायका हसल्या. आम्ही पण हसलो.

४ मार्च

वाशीच्या बाईंकडं दाखला दिला. माझा आणि पोरींचा अर्ज घेतला. म्हणाल्या, थोडे दिवस लागतील.

१९ मार्च

आप्पा आले नाहीत. पोरी स्टँडवर जाऊन परत आल्या.

१७ एप्रिल

नावं चढली! आज दुकानात जाऊन मशीनवर अंगठा लावला आणि पाच जणांचं धान्य मिळालं. माझा अंगठा, माझं नाव, खाली शिवांजली, खाली महेश्वरी. पिशव्या इतक्या जड की दुकानदारानेच रिक्षात ठेवून दिल्या. रस्त्याने ओळखीचं कुणी भेटावं असं फार वाटत होतं, पण नेमकं कुणी भेटलं नाही.

चपात्या केल्या. आज गुरुवार, म्हणून सासूबाईंना वाढलं नव्हतं. तर त्या टोपल्यात डोकावल्या, रचलेली चवड बघितली आणि म्हणाल्या, "वाढ मला बी."

"उपास?"

"देव म्हनला, आता पुरे."

मी चपाती हातात घेऊन तशीच उभी राहिले. सोमवार, गुरुवार, शनिवार. कुमारची मेलेली भूक. दोघं मायलेक मला काय काय खपवत होते आणि मी डायरीत भक्तीचे विनोद लिहीत होते! माझ्यासारखी शहाणी पंचक्रोशीत नसेल. सासूबाईंच्या ताटात दोन चपात्या वाढल्या, वर तूप नव्हतं म्हणून तेलच सोडलं, आणि खेकसले, "परत असला उपास केला तर बघा." त्या म्हणाल्या, "बघते," आणि दोन्ही खाल्ल्या.

२२ एप्रिल

या महिन्यालाही आप्पा नाहीत. फोनवर म्हणतात, ऊन लई हाय. जळकोटचं ऊन वाशीपेक्षा काय वेगळं आहे का?

शेवटी फोन शिवांजलीच्या हातात दिला. तिला कुणी खोटं सांगू शकत नाही. तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही का येत नाहीत?" मग ऐकून घेतलं आणि फोन ठेवून मला सांगितलं, "आजोबा म्हनले, मोकळ्या हातानं लेकीच्या दारात येत नसत्यात बाळा. आता माझ्याकडं आनायला काय न्हाय."

माझं नाव इकडं आलं आणि आप्पांची वाट बंद झाली. त्या पाच किलोंच्या निमित्ताने ते मला बघायला येत होते. मी भांडून, रडून, तीन गाड्या बदलून ते निमित्तच कापून आणलं. पोरी आज जेवताना आजोबांच्या पिशवीची आठवण काढत होत्या, आणि घरात डबे भरलेले.

५ मे

आज दुकानात रांगेत माझ्यापुढं एक वीटभट्टीवरची बाई होती. परजिल्ह्यातली. तिने अंगठा लावला आणि धान्य घेऊन गेली. मी दुकानदाराला विचारलं, हिचं कार्ड इथलं आहे का? तो म्हणाला, "नाही हो. आता कुठलंही कार्ड कुठंही चालतं. आणि सगळं एकदम उचलायला पाहिजे असंही नाही. आपल्या वाटणीचं इथं घ्यायचं, बाकीचं घरच्यांनी गावी."

मी पिशवी तिथंच ठेवून बाहेर आले आणि वर्षाराणीला फोन लावला. तिला सांगायला सुरुवात केली तर निम्म्यातच म्हणाली, "कळलं, वन्सं. म्हाताऱ्याला कसं लावून द्यायचं ते माझ्यावर सोडा."

१२ मे

काल आप्पा आले!

सकाळच्या दुसऱ्या गाडीतून उतरले. काखेत रिकामी पिशवी घडी घालून, हातात फडक्याचं गाठोडं. दारात न येता रस्त्यावरूनच म्हणाले, "तुझी भावजय म्हनती, तुमच्या वाटणीचं वाशीतनं उचला, मला समद्यांचं वझं व्हत न्हाय. चल, दुकान दाव." माझ्याकडं बघत नव्हते. मी पण गंभीर चेहऱ्याने पुढं झाले.

मशीनवर पहिल्यांदा अंगठा लागलाच नाही. आप्पांनी धोतराला पुसला, फुंकर मारली, परत लावला. यंत्र वाजलं आणि चिठ्ठी बाहेर आली. त्यांच्या वाटणीचा गहू आणि तांदूळ. पिशवी माझ्या हातात देईनात. गल्लीतून स्वतः घेऊन आले, खांद्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.

सासूबाईंनी दारातच पिशवी ताब्यात घेतली. त्यातला गहू पाण्याचा हात लावून उखळात कांडला, पाखडला आणि कुकरला लावला. मी विचारलं काय करताय, तर म्हणाल्या, "हुग्गी. व्याह्यांना आवडती म्हनं." हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, माझी आई करायची. हे त्यांना कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. जळकोट आणि वाशीच्या मध्ये आता माझ्या पाठीमागे फोन चालतात.

आप्पा ओट्यावर बसले आणि फडकं सोडलं. आत भाकरी नव्हती. गुळाचा खडा होता, चांगला मोठा. आप्पा फडक्याकडं बघतच राहिले. "म्या म्हनलं वर्षानं भाकरी बांधली," ते पुटपुटले. सासूबाईंनी गूळ उचलून आत नेला आणि हुग्गीत घातला.

मी ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं. हुग्गीतून वाफ येत होती. आप्पांनी हात मागं घेतला.

म्हटलं, "आप्पा, गहू कुणाचा?"

"माझा."

"अंगठा कुणाचा?"

"माझा."

"गूळ कुठला?"

"...घरचा."

"मग लेकीच्या घरचं यात काय आहे? जाळ तेवढा माझा. तो कुणी खात नाही."

खाटेवरून कुमार मोठ्याने हसला. आप्पांनी थोडा वेळ विचार केला. खरंच केला, मला ठाऊक आहे, ते नेमाचं माणूस. मग ताटाला हात लावून नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी माझा बाप जेवला. मी आत चुलीशी गेले, कारण कुणासमोर रडायचं नव्हतं. बाहेरून आप्पांचा आवाज आला, "अव्वा, आनखी हाय का गं?"

संध्याकाळची गाडी गेली. गप्पांत गेली, का मुद्दाम घालवली, मी विचारलं नाही. पोरी आजोबांच्या दोन्ही बाजूंना घोंगडीत झोपल्या.

आज सकाळी गेले. जाताना मी उरलेल्या गव्हाची पिशवी त्यांच्या हातात द्यायला लागले, तर त्यांनी ती घेतली आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने आमच्या खुंटीला टांगली.

"ऱ्हाऊ दे हितं," म्हणाले. "पुढल्या म्हैन्याला खायला यायचं हाय मला."